दोन तोंडं, चार हात

माझ्या आत्याच्या यजमानांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: पाटाच्या तोंडाशी राहणारे आणि पाटाच्या शेपटाशी राहणारे. जात, भाषा, शिक्षण हे सगळं वरवरचं. त्यांची सारी नोकरी तंजावूरच्या पाटबंधारे खात्यात गेली, आणि त्यातला निम्मा काळ शेपटाकडच्या शेतकऱ्यांना 'पुढच्या पाळीला बघू' असं सांगण्यात. त्याचा वचपा ते इतरत्र काढत. लग्नाच्या पंगतीत हटकून शेवटच्या पानावर बसत. एकदा मुहूर्ताआधीच्या पंगतीत पायसम वाढणारा पहिल्या पानाकडे निघाला, तेव्हा त्यांनी बादलीसकट त्याचं मनगट धरलं. "तंबी, इकडून सुरू कर. तिकडचे तोंडाशी बसलेत, त्यांना कसंही मिळतं." तिकडे वरपक्ष बसला होता. लग्न लागलं, पण उशिरा.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आम्हा सगळ्यांसारखे आतोबाही घरात मराठी बोलत; देवनागरी मात्र त्यांना येत नसे. मराठी ते तमिळ अक्षरांत लिहीत. त्यामुळे त्यांची टिपणं तमिळ माणसाला वाचता येत पण कळत नसत, आणि महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला कळली असती पण वाचता येत नसत. ही गुप्तता त्यांना आवडे. शब्दही दफ्तरातले. 'जास्तीत जास्त' असं ते कधी म्हणाले नाहीत, 'कमाल' म्हणत. "आज वरणात कमाल मीठ," असं ऐकल्यावर आत्या पानातली वाटी उचलून घेई आणि त्या दिवशी किमान ताक मिळे.

निवृत्तीनंतर त्यांनी एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली. गावात तेव्हा नव्या, चकचकीत, हप्त्यांवर मिळणाऱ्या मोटारी दिसू लागल्या होत्या. आतोबांची मोटार त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठी होती आणि दमेकऱ्यासारखी खोकत असे. निदान त्यांनीच केलं: इंजिनाला चार सिलिंडर, आणि त्यांतला चौथा उपाशी. कार्बुरेटरमधून येणारं पेट्रोल आणि हवा चारही सिलिंडरांना वाटून देणारा जो नळ्यांचा जोड असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. आतोबांनी त्याच्यावर बोट ठेवलं. "हा पाट चुकीचा खणलाय. पहिले तिघे पितात, शेवटचा बोंबलतो." उपाय त्यांना रद्दीतल्या अमेरिकन मासिकात सापडला. फोटोत एका मोटारीचं इंजिन बॉनेट फोडून वर आलं होतं आणि त्यावर दोन कार्बुरेटर बसले होते. "ह्याला हॉट रॉड म्हणतात," त्यांनी आत्याला सांगितलं.

"म्हणजे तापलेला गज," आत्या म्हणाली. "एक आणा आणि द्या डाग त्या मोटारीला. पोदुम, पुरे झालं."

पुरे झालं हे ती नुसतं बोलली नाही. ओरत्तनाडूकडचा एक शेतकरी पंपाला लावण्यासाठी इंजिन शोधत होता. आत्यानं त्याला शब्द दिला: अमावास्येपर्यंत मोटारीनं मला तिरुवैयारूला नेऊन परत आणलं तर ती राहील; नाही तर इंजिन तुझं.

आतोबांनी चिखलाचा मॅनिफोल्ड केला. वरून पाणी ओतायचं, खाली चार टंब्लर ठेवायचे आणि फूटपट्टीनं चारही टंब्लरांतलं पाणी मोजायचं. आठवडाभर घरात कुणाला टंब्लरात कॉफी मिळाली नाही. पाहुण्यांना वाटीतून दिली. चौथा टंब्लर बाकी तिघांबरोबर भरला त्या सकाळी आतोबा अंगणात नाचले. शेजारचे संस्कृतचे निवृत्त मास्तर भिंतीवरून बघत होते. घरात काही शुभकार्य ठरलं असावं म्हणून त्यांनी नारळ पाठवला.

आता हे धातूत ओतायचं कुणी? कुंभकोणमजवळ देवांच्या मूर्ती ओतणारे एक स्थपती होते. मेणाचा नमुना करून ते कुठलाही आकार ओतून देत. आतोबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"कुठला देव?" स्थपतींनी विचारलं.

"हात चार," आतोबा म्हणाले. "तोंडं दोन. चारही हात आतून पोकळ."

स्थपतींनी डोळे मिटून विचार केला. "दोन तोंडं म्हणजे अग्नी, सार. पण अग्नीला हात सात. तीन कमी कसे करायचे?"

"आत पेट्रोल जाणार आहे."

"मग अग्नीच," स्थपती म्हणाले, आणि चार हातांना तयार झाले.

आतोबांनी मापांचा कागद दिला. इंजिनावर घट्ट बसावा म्हणून मॅनिफोल्डचा तळ अगदी सपाट हवा होता; म्हणून त्यांनी खाली मराठीत, तमिळ अक्षरांत, घाईघाईत लिहिलं: 'कमाल सपाट तळ'. घाईत 'मा'चा काना राहिला. पंधरा दिवसांनी झगझगीत पंचधातूचा मॅनिफोल्ड घरी आला. दोन तोंडं, चार हात, सगळं मापात. आणि तळाला सोळा पाकळ्यांचं कमळ.

आतोबा तसेच उलट बसनं कुंभकोणमला गेले. स्थपतींनी कागद काढून दाखवला. "सार, तुमचं एक अक्षर कळलं नाही. एवढा एकच शब्द कळला. कमल."

पाकळ्या कानशीनं घासून काढायच्या असं आतोबांनी ठरवलं, पण ते परत येईपर्यंत आत्यानं मॅनिफोल्डला आंघोळ घालून, कुंकू लावून देवघरात ठेवलं होतं. "कमळावर बसलेल्या स्वामीला कानस लावणार? अहो, हात झडतील."

"तो इंजिनात बसणारा आहे!"

"मग तिथं आसन द्या."

अमावास्येला चार दिवस होते. आतोबांनी ॲल्युमिनियमच्या जाड पाटात पाकळ्यांच्या खाचा कोरून खरोखरच आसन केलं. त्यावर मॅनिफोल्ड घट्ट बसला, पण इतका उंच की बॉनेट लागेना. मग बॉनेटला भोक पाडलं. त्यातून दोन कार्बुरेटर वर आले, हुबेहूब फोटोतल्यासारखे. आत्यानं त्यांना मोगऱ्याचा गजरा घातला.

अमावास्येच्या सकाळी आत्या पुढे, मी मागे, असे आम्ही निघालो. मोटार खोकली नाही. ती गरजली. चारही सिलिंडर एका सुरात, कावेरीच्या पुलावर बैलगाड्या बाजूला होत होत्या आणि आतोबा खिडकीतून ओरडत होते, "ऐका! चौथा ऐका!" तिरुवैयारूच्या वेशीवर मोठा आवाज झाला. कार्बुरेटरनं गजरा ओढून घेतला होता. इंजिन एकदा शिंकलं आणि पुन्हा सुरू झालं.

"स्वामीनं फूल घेतलं," आत्या म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला. देव बसलेली मोटार विकायची नसते.

परत आलो तेव्हा तो शेतकरी ओट्यावर बसला होता, इंजिन न्यायला बैलगाडी घेऊन. आत्यानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मोटारीला हात जोडले, गजऱ्याचा उरलेला दोरा बघितला आणि म्हणाला, "बरं झालं, अम्मा."

आतोबा अजून स्टिअरिंगमागेच होते, हसत. त्यांनी सहज विचारलं, "शेत कुठल्या पाटावर?"

"पाट संपतो तिथं, सार."

आतोबा उतरले. पाने-पकड घेऊन आले. त्यांनी कार्बुरेटर काढले, "देव तुझा देवघरात ने," म्हणत मॅनिफोल्ड काढून आत्याच्या हातात दिला आणि जुना जागेवर बसवला. मग इंजिन सोडवून गाडीत चढवायला स्वतः खांदा दिला. मोटार त्यांची एक दिवस चालली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं बसनं ओरत्तनाडूला गेलो. पंप चालू होता. आतोबांनी कान दिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चौथ्याला कमी पडतंय," ते म्हणाले.

"चालेल, सार," शेतकरी म्हणाला. "आम्हाला सवय आहे."

पाणी सरकत सरकत शेवटच्या वाफ्यात शिरेपर्यंत आतोबा बांधावर उभे होते. आमची बस तोवर निघून गेली होती.