कटरनं नेसलेली साडी

"इंजिन आधी बंद करा!" मी बांधावरूनच ओरडलो.

"बंद केलं तं चालू कोन करीन, मिस्त्री? सेल्फ मेलं हाय!" भास्करराव तिकडून ओरडले. हातात विळा, आणि निम्मं अंग मशीनखाली जायच्या बेतात.

पऱ्हाटीचा हंगाम म्हणजे माझ्या कंबरेचा शिमगा. कापूस वेचून झाला की वरवट बकालच्या शिवारात वाळलेल्या पऱ्हाट्यांची कुट्टी करायला रोटरी कटर फिरू लागतात. कटर म्हणजे ट्रॅक्टरमागची उलटी लोखंडी परात, तिच्या पोटात फिरणारी जाड पाती. त्यांना ताकद देतो ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ. सकाळपासून मी हेच बघत होतो. डोळ्यांत भुसा, पोटात नुसता चहा.

भास्कररावांच्या कटरनं साडी नेसली होती. थट्टा नाही. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आमच्याकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वळताना त्यातली एक, हिरवी, जरीकाठाची, पात्यांनी ओढली आणि अशी चापूनचोपून गुंडाळली की लग्नघरी कौतुक झालं असतं.

"टोचन कोन देईन?" भास्कररावांचा खरा प्रश्न हा होता. टोचन म्हणजे बंद ट्रॅक्टर दुसऱ्याला साखळीनं बांधून ओढणं. शेजारी ट्रॅक्टर होता, पण चुलतभावाचा. दोघांचं बोलणं बंद.

"चालूच ठेवता? मंग मी जातो घरी. झोप बी आली हाय," मी म्हणालो.

इंजिन बंद झालं. चावी मी माझ्या खिशात टाकली. पाती थांबलेली बघितली, पीटीओचा दांडा काढला. कटर हायड्रॉलिकवर उचललेला होता, म्हणजे नुसता तेलाच्या दाबावर लटकलेला. मोटारसायकलवरून बाभळीचे दोन ठोकळे आणून मी बाजूनंच त्याच्याखाली सरकवले.

"हे सरपण काऊन आणलं? सैपाक करता काय?"

"तेलावर भरोसा नाही, भाऊ. बाभळीवर हाय."

मग मी एका बाजूनं साडी कापू लागलो. दुसरीकडून भास्करराव आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घालून टोक ओढू लागले.

आता आमच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत. जेवणाला मुंग्या लागू नयेत म्हणून पिशवी हायड्रॉलिकच्या लिव्हरला, म्हणजे कटर वर-खाली करायच्या दांडीला टांगायची. सांगून सांगून मी थकलोय. शोभावहिनी, म्हणजे भास्कररावांच्या घरच्या, मघापासून सावलीत बसून कंटाळल्या होत्या.

"भाकर वाळून राह्यली, जेवून घ्या न आता," म्हणत त्यांनी पिशवी ओढली. लिव्हर खाली आला.

धप्प!

कटर ठोकळ्यांवर बसला. ठोकळे बोटभर मातीत रुतले. परातीचा काठ आणि भास्कररावांचा दंड यांच्यात वीतभर जागा उरली.

वहिनी पिशवी टाकून धावल्या. "अहो... हात हाय नं?"

"हाय."

"मंग बाहेर निघा आंधी! साडी गेली खड्ड्यात!"

साडी निघाली, चिंध्या होऊन. पात्याचा एक नट ढिला होता, तो कसला. चावी दिली. सेल्फ टकटक करून गप्प झाला. आता मला शिवी ऐकायला मिळणार, याची मी तयारी ठेवली. पण भास्करराव उठले, कपडे झटकले आणि बांध ओलांडून चुलतभावाच्या शेतात गेले. दोन्ही हात शाबूत होते, म्हणून जोडता आले.

चुलतभाऊ आला. साखळी अडकवताना पहिल्यांदा बोलला, तेही एवढंच: "बॅटरी बदल नं बे आता."

निघताना भास्करराव माझे ठोकळे मागू लागले. दिले नाहीत. बाभूळ त्यांच्याच बांधावर उभी आहे.

परवा त्या रस्त्यानं गेलो. कटर उचललेला, खाली नवेकोरे ठोकळे. आणि जेवणाची पिशवी? लिव्हरलाच.

सवयी खोलायचा पाना माझ्याकडे नाही. म्हणून तर ठोकळे लागतात.