उस्तादांच्या गाडीचा मागचा बार

"जरा पुढं न्या गाडी. मला मागून बघू द्या."

गाडी दुरुस्तीला आली की हे माझ्या समोरच्या मिस्त्रीचं पहिलं वाक्य. बॉनेट उघडणं नाही, काय बिघडलंय म्हणून विचारणं नाही. गिऱ्हाइकाला परत गाडीत बसवायचं, शंभर पावलं पुढे चालवायला लावायची आणि आपण रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून मागच्या चाकांकडे टक लावून बघत राहायचं. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला हाकलून देतोय. गेवराईचे एक कापसाचे व्यापारी असे पुढे गेले ते रागाने थेट चौसाळ्यापर्यंत गेले. तिथे चाकातून जळका वास यायला लागला तेव्हा मुकाट्याने माघारी आले.

"उजवीकडचं बेअरिंग गेलंय," हा म्हणाला. "तुमी जातानाच चाक डुलताना दिसलं. मी हात केला, तुमी थांबलाच न्हाईत."

तुम्ही हसाल. मला नव्हतं हसू आलं. ते व्यापारी आधी माझ्याकडे यायचे.

तुम्ही मांजरसुंब्यावरून कधी गेला असाल तर चौकापुढच्या ढाब्यांच्या रांगेत माझं गॅरेज दिसलं असेल. त्याचं बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे. बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर होतो. त्याचं नाव मी सांगणार नाही. लोकांच्या तोंडून ते इतकं ऐकलंय की माझ्या तोंडून आणखी नको.

आम्ही दोघे एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. आमच्याकडे शिकवणारा मिस्त्री कोणत्याही जातीचा असो, तो उस्तादच. मी दोन वर्षं आधी लागलेलो, म्हणजे खरं तर मोठा मी. हा नेकनूरकडच्या एका मेंढपाळाचा मुलगा. आला तेव्हा अंगाला मेंढ्यांचा वास येत होता आणि कुठला पाना कशाचा हेही ठाऊक नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात हा एका जीपच्या मागे उकिडवा बसला. उस्ताद म्हणाले, "काय बघतो बे?" तर म्हणाला, "लंगडं जनावर पुढून कळत न्हाई, उस्ताद. मागून कळतं. आमचा बा सांगतो." उस्तादांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "घ्या! दोन वर्षं ह्याला शिकवतोय," म्हणजे मला, "अन् ह्यो शिकूनच आलाय!"

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. लपवून काय करू?

उस्ताद त्याच्या कामाला म्हणायचे, "जमलं रे." माझं काम झालं की वाकून बघायचे, हं करायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे. वाईट म्हणाले नाहीत कधी. पण ते दोन शब्द मला द्यायला त्यांचं काय जात होतं? लग्न झालं, स्वतःचं गॅरेज टाकलं, डोक्यावरचे केस गेले, तरी मी ते दोन शब्द ऐकायलाच बसलेलो होतो.

आणि हा माणूस असा की त्याच्याशी धड भांडताही यायचं नाही. माझी गिऱ्हाइकं गाडी माझ्याकडे लावायची आणि चहा प्यायला त्याच्याकडे जायची. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने गाडी घेतली आणि पहिलं सर्व्हिसिंग त्याच्याकडे केलं. वर मला सांगतो, "दाजी, तुमाला कशाला त्रास!" एकदा ईर्षेने मी त्याच्या दुप्पट मोठी पाटी करून आणली. शिडीवर चढून लावतोय तर खालून आवाज आला, "डावीकडं दोन बोटं वर घे. तिरकी दिसती." हाच. रस्ता ओलांडून शिडी धरायला आलेला. पाटी खरंच तिरकी होती हो. मी ती तशीच ठेवली. अजूनही तिरकीच आहे.

तर आता त्या बारची गोष्ट.

उस्तादांनी गॅरेज बंद केलं तेव्हा एक जुनी चारचाकी स्वतःसाठी ठेवून घेतली होती. पंचवीस वर्षं वयाची, पण इंजिन घड्याळासारखं चालणारी. दोष एकच. वळणावर एका अंगाला झुकायची. काकूंना, म्हणजे उस्तादांच्या बायकोला, दर मंगळवारी डोळ्यांच्या उपचाराला बीडला न्यावं लागायचं आणि मधे आपला घाट. प्रत्येक वळणाला काकू दरवाज्याचं हँडल धरून देवाचं नाव घ्यायच्या. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "मी यष्टीनं जाईन, न्हाईतर आंधळी होईन. ह्या गाडीत बसायची न्हाई."

याला उपाय आहे. गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक लोखंडी दांडा बसवायचा. एक बाजू झुकायला लागली की तो दुसऱ्या बाजूला धरून ठेवतो. आम्ही त्याला मागचा बार म्हणतो. उस्तादांच्या गाडीला तो कंपनीकडून आलेलाच नव्हता, पण तिच्याच महागड्या मॉडेलला असतो आणि बसवायची भोकं दोन्हींना सारखीच. उस्तादांनी भंगारातून असा एक बार हुडकून आणला आणि ते आमच्या चौकात आले.

"त्याच्याकडं चार गाड्या हायेत आज," गाडीची चावी माझ्या हातात देत ते म्हणाले. "तूच बसव."

बघा. माझ्याकडे दिली तीही अशी! तरी मी मनात म्हटलं, असू दे. आज ते दोन शब्द घ्यायचेच.

गॅरेजच्या पुढे, रस्त्याच्या तोंडाला माझा खड्डा आहे. गाडी वर चाकांवरच उभी करायची, आपण खाली उतरून काम करायचं. असं काम खड्ड्यावरच करावं. पण खड्डा म्हणजे समोरून सगळं दिसणार. तो चहाचा ग्लास घेऊन येणार, वाकणार आणि काहीतरी बरोबर बोलणार. ते मला नको होतं. म्हणून मी गाडी आत घेतली, शटर ओढलं, लोखंडी घोड्यांवर मागची बाजू उचलली आणि पाठीवर सरपटत आत शिरलो. बार चढवला, त्याला धरणारे नवे रबरी बुश घातले, पट्ट्या लावल्या आणि सगळं ताकदीने आवळून टाकलं. उस्तादांना गाडी दिली तेव्हा माझा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. उस्तादांनी नेहमीप्रमाणे हं केलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी बीडहून सामान घेऊन परत आलो तर उस्तादांची गाडी त्याच्या खड्ड्यावर उभी. मी सामान तिथेच टाकलं आणि रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. एका ट्रकवाल्याने आईवरून शिवी दिली एवढं आठवतं.

"माझ्या कामाला हात कावून लावला बे?"

"ये खाली," तो खड्ड्यातूनच म्हणाला.

"खाली गेलं तेल लावत! तू आधी वर ये!"

"एकदा बघ रे. मग दे शिव्या."

मी उतरलो. त्याने बॅटरी धरली. माझे बुश धुण्याच्या पिळ्यासारखे पिळून बसलेले होते.

"घोड्यांवर आवळलंस?"

मी बुशवरून बोट फिरवलं.

"चाकं लोंबकळत असताना रबर आवळलं अन् मग गाडी खाली बसवली. पिळा पडला की. काल उस्ताद इथून गेले तेव्हा मागून बघितलं, गाडी तिरकी बसलेली. महिनाभरात रबर फाटलं असतं. मग बार इथं घासला असता." त्याने बोट ठेवलं तिथे ब्रेकचा पाइप होता.

"मला माहीत हाय ते!" मी ओरडलो. माझ्या तोंडून याहून येडपट उत्तर दुसरं निघालं नसतं. कारण मला खरंच माहीत होतं. गाडीचा भार चाकांवर असतानाच रबर शेवटचं आवळायचं, हे उस्तादांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शिकवलेलं होतं.

"म्हनूनच इचारतो," तो म्हणाला. "एवढा खड्डा असताना शटर लावून कावून केलंस?"

काय सांगणार होतो मी? तुला दिसू नये म्हणून? त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. पाना माझ्यापुढे धरला. "ढिलं करून घेतलंय मी. आवळ तू. तुझंच काम हाय."

मी पाना घेतला नाही. वर आलो. चारही नट त्यानेच आवळले.

"उस्तादांना काय सांगितलंस?" मी वरून विचारलं.

"मागच्या चाकात हवा कमी दिसती, ठिवून जा, म्हनलं. बाकी काय न्हाई."

मंगळवारी उस्ताद आणि काकू बीडहून परतताना चौकात थांबले. काकू खाली उतरून हसत होत्या. "अवो, घाट कधी सरला कळलंच न्हाई! मला झोप लागलती." चहाच्या टपरीवर आठ-दहा जण होते, तोही होता. उस्तादांनी सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जमलं रे तुला. असा बार बीड जिल्ह्यात कुणी बसवला न्हाई."

चोवीस वर्षं वाट पाहिलेले शब्द आणि ते ऐकताना माझ्या तोंडाची चव गेली. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता हा बोलेल. निदान गालात हसेल. तो म्हणाला, "हातच तसा हाय त्याचा," आणि ग्लासातला चहा संपवून कामाला गेला. त्याने त्या वेळी मला उघडं पाडलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. हे मात्र जमेना. कारागिरीचा हेवा तर आधीपासून होता, आता त्याच्या मनाच्या मोठेपणाचाही करायला लागलो. मी म्हणतो, माणसाने थोडं तरी आपल्यासारखं वाईट असू नये का?

पुढे सहा वर्षं मी ते शब्द मिरवले. गिऱ्हाइकांना सांगितले, मेव्हण्याला दोनदा सांगितले. त्याचे आभार एकदाही मानले नाहीत. रस्त्यात भेटला की "काय चाललंय?" म्हणायचा, मी "चाललंय" म्हणायचो.

मागच्या वर्षी नेकनूरच्या बाजारात भाजी घेताना छातीत कळ येऊन तो गेला. बीडला नेईपर्यंतही थांबला नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

दहाव्यानंतर मी उस्तादांना घेऊन त्याच्या वस्तीवर भेटायला गेलो. त्याच गाडीतून. ओसरीत चटई टाकलेली होती. त्याचे वडील भिंतीला टेकून बसलेले, ऐंशीच्या पुढचे, डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर ठेवलेलं. आतून बायकांचा आवाज येत होता. चौकातली आणखी चार माणसं होती. मग माणसं करतात तशी त्याच्या कामाची आठवण काढायला लागली. एक म्हणाला, त्याने माझी गाडी अशी दुरुस्त केली, दुसरा म्हणाला, तशी केली.

उस्ताद बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हात चांगला व्हता. लई चांगला. पन खरं बोलायचं तर एका कामात हा त्याच्या पुढं व्हता." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माझ्या गाडीचा मागचा बार ह्यानं बसवलाय. तसं काम त्याला जमलं नसतं."

म्हातारबाबांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून जरा पुढे सरकले आणि दोन्ही हात जोडले. मला! "तुमीच का ते समोरचे मिस्त्री? मग माझ्या लेकाला तेवढं शिकवायचं व्हतं की, बाबा. त्याला शिकायची लई हौस व्हती."

मी बसल्या जागेवरून उठलो. उभं राहून काय करायचं ते कळेना, म्हणून परत खाली बसलो.

"बाबा, हात जोडू नका," मी म्हणालो. "ते काम त्याचं हाय. मी चुकीचं आवळलं व्हतं. त्यानं सगळं ढिलं करून परत बसवलं. त्यानं केलं नसतं तर उस्तादांचा ब्रेक गेला असता घाटात. मला ठावं व्हतं. सहा वर्षं ठावं हाय."

म्हातारबाबांनी हात खाली घेतले आणि मांडीवरचं मुंडासं चाचपत राहिले.

"मग त्यानं मला सांगितलं कावून न्हाई?" उस्तादांनी विचारलं.

"तुमी मला जमलं म्हनावं म्हनून."

उस्ताद चिडले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, ते आता उठतील, मला दोन शिव्या घालतील, निदान गाडीची चावी माझ्याकडून काढून घेतील. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेतला आणि लहान लेकरासारखे हुंदके द्यायला लागले. अंत्यविधीला रडले नव्हते, दहाव्याला रडले नव्हते. म्हातारबाबाच सरकत त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

मी शेजारीच बसलो होतो. उस्ताद त्याच्यासाठी रडत होते, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्याचाही हेवा वाटला.