दाराकडे तोंड केलेले बूट

बुऱ्हाणपूरला गाडीत बसले तेव्हा पिशवीत दराबा (रवा, तूप, साखर घोटून केलेली आमच्याकडची मिठाई) होता आणि मनाला एकच घोर: जपानी घरात दिलेली माझी मीनल तिथे कुणाला हवीशी आहे का?

जपानला पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी उत्तर मिळालं असं वाटलं. दारात काढलेले माझे बूट व्याही स्वतः फिरवत होते, तोंड रस्त्याकडे! गृहस्थ आधीच अबोल. दराबा खाल्ला, मान हलवली, संपलं. पाहुणीला असं दार दाखवतात होय? मीनलला घेऊनच परतायचं, हे मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी तिने सिनेमाला नेलं. तिकडे तुफान चाललेला, लोक पुन्हापुन्हा बघत होते. म्हटलं, मारामारी असेल. कसलं काय! भात शिजतोय, भांडी विसळली जातायत, नवरीचा बाप अवाक्षर बोलत नाही. मुलगी सासरी निघायच्या सकाळी त्याने तिचे बूट पुसले आणि तोंड दाराकडे करून ठेवले. थिएटरभर मुसमुसणं सुरू झालं.

"अगं, बाप पोरीला हाकलतोय आणि हे रडतात काय?" मी कुजबुजले.

"हाकलत नाहीये गं आई! निघताना तिला त्रास नको म्हणून. इथे माया बोलून दाखवत नाहीत. अशीच आवडते लोकांना."

"आणि तुझे बूट?"

"सासरेबाबा ठेवतात ना, रोज. लग्न झालं तेव्हापासून."

पडद्यावर नावं सुरू झाली तशी सवयीने उठले. आमच्याकडे शेवटच्या सीनलाच खुर्च्या खाडखाड वाजतात. इथे कुणी हललं नाही. "आई, रुक ना, लाइट लागू दे." बसले. बरंच झालं, डोळे पुसायला वेळ मिळाला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे न बघताच कागदी रुमाल पुढे केला.

निघायच्या दिवशी माझ्या बुटांच्या नाड्याही सैल करून ठेवलेल्या होत्या. माझा गुडघा वाकत नाही, हे व्याह्यांनी कधी हेरलं कोण जाणे. "व्याहीबुवा, फार उपकार झाले," मी हात जोडून मराठीतच म्हटलं. ते कमरेत वाकले.

बुऱ्हाणपूरला, आमच्या राजपुऱ्यात परतल्यावर शेजारची शोभा आली. मी तिच्या चपला फिरवून ठेवल्या. "काय वो वहिनी, आत्ता तर आली मी, भगवता का मला?" तिला वाटलं, हाकलतेच आहे; हसत आत घेतलं.

मीनलचा फोन आला की 'सुखात आहेस ना?' असं आता विचारत नाही. "बूट?" एवढंच म्हणते.

"ठेवलेत," ती म्हणते.