ओल्या बारदानाचा वास

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. नाशिकजवळच्या वायनरीत ग्लास धुणाऱ्या ज्या बाईला मी चार वर्षं 'मावशी' म्हणत होतो, ती माझी आई होती.

तिथे सगळेच तिला मावशी म्हणायचे. मी टेस्टिंग रूममध्ये, पांढऱ्या शर्टात, पाहुण्यांना वाइन ओतून देणारा. नाशिकच्या इंदिरानगरचा म्हणून सांगायचो. पेठकडचं आदिवासी गाव लपवलं होतं. आई ठेकेदारामार्फत कामाला लागली, त्या पहिल्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळख दाखवायची नाही हे समजली. मला 'साहेब' म्हणाली. एकाच बसने जायचो, वेगवेगळ्या सीटवर.

दोन हजार सहा की सात साल. मालकांनी फ्रान्सहून आणलेली जुनी, लाल बोर्डो वाइन उघडली. सात-आठ पाहुणे. काळ्या मनुकांचा वास, देवदाराचा वास, मालक ग्लास फिरवत सांगत होते. माना डोलत होत्या. मी हुंगलं. कुबट होतं. मीही मान डोलावली.

आई उष्टे ग्लास उचलत होती. सवयीने एक नाकाशी धरला. घरी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पोत्यात हात घालून ती असाच वास घ्यायची. नागली भिजली तर पुढे खायचं काय, म्हणून.

"वल्या बारदानाचा वास येतोय," ती म्हणाली. "नासलीय ही."

मालक हसले. "मावशी, ही बोर्डो आहे. मोहाच्या दारूला सरावलेल्या नाकाला नाही कळायची."

सगळे हसले. मग मालक मला म्हणाले, तू सांग रे.

"उत्तम आहे, सर." मीही हसलो. "मावशी, तुम्ही ग्लास घेऊन जा."

ती गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला. मला काही वाटलं नाही. खरंच, काहीच नाही.

थोड्या वेळाने एका परदेशी म्हाताऱ्याने ग्लास बाजूला सारला. बूच खराब आहे, वाइन गेली, म्हणाला. मालकांनी माफी मागितली. त्याची. दुसरी बाटली उघडली.

घरी आई भाकरी वाढताना म्हणाली, "साहेब, अजून एक घ्या." हसली नाही. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता मी वाइन चाखायला शिकवतो. खराब बुचाचा वास सांगताना म्हणतो, ओलं बारदान. मुलं लिहून घेतात. गेल्या महिन्यात एकीने विचारलं, सर, हा शब्द कुठला? पुस्तकातला, मी म्हणालो. चार वाक्यं पुढे गेलो आणि तिच्याकडे वळलो. म्हणालो, खोटं बोललो. शब्द माझ्या आईचा आहे. ती ग्लास धुवायची.

तेवढ्याने फिटत नाही. आई गावी आहे, थकलीय. मालक अजून त्याच टेबलाशी बसतात. तिला तिथे नेणार, खुर्चीवर बसवणार, आणि त्यांच्यासमोर सांगणार की ती बरोबर होती, मला कळलं होतं, मी खोटं बोललो.

त्या खोलीत 'आई' म्हणून एक हाक मी देणं लागतो.