फ्लॉपीच्या तोंडात चार दाणे

शाहूपुरीत माझं आणि नंदूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवा लॅपटॉप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचा किस्सा होत नाही. पण जुनंपुराणं धूड उचलून कुणी आत आलं, की मी आधी चहा सांगतो. हे अजून कशाला सांभाळलंय, हे विचारल्याशिवाय मला चैनच पडत नाही!

*

एका कारखान्यातलं मशीन अजून फ्लॉपीवर चालतं. दसरा झाला आणि मालकांचा फोन आला, "फ्लॉपी आत जाईना!"

उघडून बघतो तर आत तांदूळ. खंडेनवमीच्या पूजेच्या अक्षता!

"मालक, हे फटीत कुणी घातलं?"

"मीच की! वर्षभर आमच्या पोटाला घालतंय. एक दिवस त्याच्या तोंडात चार दाणं नगंत व्हय?"

नंदू चिमट्यानं दाणे वेचत बसला.

*

एका दूध डेअरीत जुना डबा मॉनिटर आहे. नंदू म्हणाला, "आता फ्लॅट घ्या, जागा वाचेल."

"आणि मांजर कुठं बसवू?"

मांजर दिवसभर त्या गरम मॉनिटरवर लोळतं, म्हणून पेंडीच्या पोत्यांना उंदीर लागत नाहीत. "मागं हे बंद पडलं, तर मांजर थेट समोरच्या डेअरीत!" मालक अजून त्या आठवणीनं चिडतात.

*

राजारामपुरीतल्या टायपिंग क्लासच्या सरांना आम्ही नवे, बिनआवाजाचे कीबोर्ड दिले. आठवड्यात सगळे परत!

"पोरं टाईप करत्यात का झोपल्यात, बाहेर बसून कळंना झालंय."

जुने खडखडणारे कीबोर्ड पुन्हा जोडून दिले.

*

कोडोलीचे आप्पा मात्र वेगळेच. घोंगड्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर त्यांनी टेबलावर ठेवला. "पावणं, लवकर करा. ह्याच्याबिगार घरात बोलणंच न्हाय."

लेकाच्या लग्नात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या भावाला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला. तेव्हापासून नवराबायकोत अबोला. लेक कॉम्प्युटर घरी ठेवून पुण्याला गेला. मग आप्पा त्याच्यावर टाईप करायचे, 'जेवायला वाढ.' अक्का येऊन वाचायच्या आणि खाली लिहायच्या, 'वाढलंय.' राग आला की अक्षरं मोठी!

मला हसू येत होतं, पण आप्पांचा चेहरा बघून ते आवरलं. "ह्योबी बंद पडला. आता दोघं नुसतं भिंतीकडं बघत बसतोय," ते म्हणाले.

दुरुस्ती किरकोळ निघाली. दोन दिवसांनी मीच कॉम्प्युटर गाडीत घालून कोडोलीला गेलो. दारातच आतून अक्कांचा आवाज आला, "आमटी आळणी हाय व्हय? मग सोता करायची हुती की!"

"करतो की! सर बाजूला!" आप्पाही तेवढ्याच जोरात.

मला बघताच आप्पा लगबगीनं बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "झाला दुरुस्त?"

"झाला की, आप्पा."

"झाला न्हाय म्हणून सांगा!" आणि त्यांनी स्वतःच मला परत गाडीत बसवलं.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर आमच्या दुकानात पडून आहे. अधूनमधून आप्पांचा फोन येतो, घरात ऐकू जाईल अशा आवाजात. "झाला का न्हाय अजून?" मी नाही म्हणतो. "बरं बरं, निवांत होऊ द्या!"

काल पहिल्यांदाच अक्कांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"पावणं, ते कवाच दुरुस्त झालंय, मला ठाव हाय. ह्यास्नी तेवढं कळू देऊ नका!"