मामा एकटा पलीकडे गेला

माझ्या मामाचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. तुम्ही तिथं गेलात तर बसायला मात्र तीन पायांवर डुगडुगणारं स्टूल मिळेल. रेग्झिन, फोम आणि दाभण यांच्यातच त्याची हयात गेली. मधले काही महिने सोडून. ते त्यानं तुरुंगात काढले.

उगाच कुणी अडकवलं वगैरे काही नव्हतं. गुन्हा त्यानं केला होता, चांगला समजून-उमजून. नवं लग्न, नवं दुकान, आणि दोन माणसं गाडीच्या सीटा मातीमोल भावात आणून टाकायची. कुठून आणल्या हे मामा विचारायचा नाही, ते सांगायचे नाहीत. मामा वरून झकास कव्हर चढवायचा आणि विकायचा. एक दिवस एक गिऱ्हाईक आलं. म्हणे, माझ्या गाडीच्या सीटाच चोरीला गेल्या. मामानं दुकानातल्या त्यातल्या त्यात बऱ्या दाखवल्या. माणूस बसला, हलला, उठून पुन्हा बसला आणि म्हणाला, "ही तर माझीच!" एक स्प्रिंग त्याला वर्षभर टोचत होती. बाकी सगळं बदललं तरी टोचणं कुठं बदलतंय?

हे मला आईनं सांगितलं, तेही दार लावून. कारण मामाच्या मुलीला, माझ्या ताईला, यातलं अक्षरही माहीत नव्हतं. ती नंतर जन्मली, आणि तिच्यासमोर विषय काढायचा नाही हे घरात न बोलताच ठरून गेलं. तिच्या लेखी बाबा म्हणजे भाजीवालीनं चुकून जास्त दिलेली मिरचीसुद्धा परत करणारा माणूस. तोही खोटा नव्हता. तुरुंगातून आल्यावर मामा तसाच झाला होता.

ताईनं लग्न केलं ते सीमेपलीकडच्या मुलाशी. मामी तिकडे चारदा जाऊन आली, मामा एकदाही नाही. कधी दुकान कोण बघणार, कधी गुडघा, कधी दुसरा गुडघा. खरं कारण वेगळं होतं. सीमेवरच्या नाक्यावर बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, कधी शिक्षा झालीय का. हो म्हटलं तर परत पाठवतील, आणि परत का पाठवलं हे ताई विचारेल. ताईनं विचारलेलं मामाला झेपणार नव्हतं.

मग ताईला मुलगी झाली. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा ती फोनवर मामीला म्हणाली, "बाबांना सांग, यायचं नसेल तर नका येऊ. पण मला तेवढं तोंडावर सांगा, की नात नको म्हणून."

मामा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पासपोर्टचे फोटो काढून आला. फोटोत तो तसाही पकडल्यासारखाच दिसतो.

आम्ही तिघं बसनं निघालो. मी सामान उचलायला. सामानात मामानं बाळासाठी शिवलेली एक छोटी गादी होती, तिची शिवण तो वाटभर चाचपत होता.

"विचारलं तर सरळ नाही म्हणायचं," मामी म्हणाली. "इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात असतंय?"

"अगं, कॉम्प्युटरच्या असतं."

"तुम्हाला बरं कॉम्प्युटरचं माहीत! घरातला मोबाइल बंद करता येत नाही."

"मी खरं सांगणार."

"सांगा आणि बसा तिथंच!"

नाक्यावर सगळी बस उतरून एका लांबलचक शेडमध्ये रांगेत उभी राहिली. मामा एका खिडकीवर, मामी शेजारच्या. मामाला विचारलं, शिक्षा झालीय का? मामा इतक्या मोठ्यांदा "हो" म्हणाला की मागच्यानं आपली बॅग छातीशी धरली. त्याच वेळी शेजारच्या खिडकीवर नवऱ्याबद्दल विचारल्यावर मामी सांगत होती, "छे हो! आमच्या ह्यांनी मुंगीसुद्धा मारली नाही."

दोन खिडक्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि आम्ही तिघं आतल्या खोलीत.

आत एक साहेबबाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी मामाचं सगळं ऐकून घेतलं. मामानं एक शब्द गाळला नाही, स्प्रिंगसकट सांगितलं. त्यांनी गादी दाबून पाहिली.

"आत काय?"

"कापूस. विकत घेतलेला," मामा घाईनं म्हणाला.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हसणं आवरावं लागलं हे मी पाहिलं. मग त्या मामीकडे वळल्या. "काकू, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत नसायला काय झालं? डबा घेऊन भेटायला जात होते की."

"मग खोटं का सांगितलंत?"

"बाहेर अर्धी बस उभी आहे, मॅडम. चार लोकांत नवऱ्याला चोर म्हणू?"

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "यांचं जुनं आहे, भोगून झालंय, आणि खरं सांगितलं. यांना मी आठ दिवसांसाठी सोडू शकते. तुमचं मात्र आजचं आहे. नाक्यावर खोटं सांगितलं की परत पाठवावंच लागतं. महिन्याभरानं पुन्हा अर्ज करा."

म्हणजे मामा सुटला आणि मामी अडकली. मामाला हे कळायला वेळ लागला. कळल्यावर तो उठलाच. "मग मीपण नाही जात."

"बसा खाली," मामी म्हणाली. "मी बघितलीय नात. नाक तुमचं घेतलंय, बिचारीनं. जा तुम्ही."

"आणि पोरगी विचारेल, आई कुठंय? काय सांगू?"

"इथं परक्या बाईला धडाधडा सांगितलंत ना? तेच."

"पोरगी परकी नाहीये, हाच तर घोळ आहे."

मामीचा आवाज एकदम खाली आला. "अहो, मी किती वर्षं झाकत बसू? दमले मी आता."

मामानं गादी काखेत मारली. दोन्ही पिशव्या घेतल्या. दारातून मागं वळून म्हणाला, "औषधं वेळेवर घे." आणि गेला. शेडच्या पलीकडच्या टोकाला उभी राहिलेली आमची बस त्याला घेऊन निघून गेली.

मामीच्या सोबतीला मी थांबलो, आणि आम्ही दोघं परतीच्या बसची वाट पाहत बाकावर बसलो. मामी बस आली की उठायची आणि बस भरली की बसायची. अशा दोन बस तिनं घालवल्या. शेवटी फोन वाजला. स्पीकर चालूच होता, कारण तो कसा बंद करायचा हे तिलाही माहीत नव्हतं.

"पोचलो," मामा म्हणाला.

"सांगितलं?"

"हं."

"सगळं?"

"सगळं."

"काय म्हणाली?"

मामाला खोकला आला. मग म्हणाला, "काही नाही. उठली, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, धरा, मी चहा टाकते."

मामीनं डोळे पुसले आणि फोनवर ओरडली, "मग फोन काय करताय? मानेखाली हात द्या तिच्या, मानेखाली!"