मामांचा गुडघा आणि मागच्या चाकाचा ब्रेक : नागपूर ते रामटेक सायकलवर

उमरेडच्या माझ्या मामांनी चाळीस वर्षं हातमाग चालवला, आता ते घरीच असतात. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी त्यांना रामटेकचा गड सायकलनं चढायचा होता. "मंग कोन चढू देते मले?" असं म्हणून ते शनिवारी धरमपेठेत माझ्याकडे मुक्कामालाच आले.

माझी गिअरची माउंटन बाइक मी त्यांना दिली आणि स्वतःला जुनी साधी सायकल घेतली. बाइकचे खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर जड जातात, म्हणून मित्राकडून गुळगुळीत टायरचं मागचं चाक आणून बसवलं. दहा मिनिटांचं काम. पण चाक फिरवून काही पाहिलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

पहाटे पाचला निघालो. कामठीपर्यंत ट्रक कमी असतात, त्यामुळे हीच वेळ धरा. कन्हानचा पूल ओलांडून तर्री-पोहे खाल्ले. तीस रुपयांत पोट भरतं, पण वरची झणझणीत तर्री बेतानं घ्या, पुढे तासभर सावली नाही. इथपर्यंत मामा मागेच होते. मला वाटलं, वय आहे.

मनसरच्या अलीकडे वळून पाहिलं तर ते सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभे होते.

"माह्यानं नाही होत गा. गुडघा गेला. तू जाऊन ये, मी इथंच बसतो."

 टेम्पो थांबवून सायकली त्यात चढवाव्यात म्हणून मी बाइकचं मागचं टोक उचललं, सहज पेडलला हात लागला. चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. चाकाला बसवलेल्या ब्रेकच्या पोलादी चकतीला बोट लावलं तर चटका बसला. मित्राच्या चाकावर ती चकती केसभर बाजूला बसत होती आणि ब्रेकचं पॅड तिला घासत होतं. म्हणजे मामांनी घरापासून इथवर जणू ब्रेक दाबूनच सायकल चालवली होती.

"मामा, आवाज आला नाही का तुम्हाले?"

"येऊन राहिला होता ना. मले वाटलं, गेरच्या सायकलीले असाच येत असन."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुयी महागाची सायकल. तिले काहून नावं ठेवू?"

आणि त्यांनी पिशवीतून तेलाची कुपी काढली. माग कुरकुरला की तेल, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मी त्यांचा हात वरच्या वर धरला. चकतीवर तेल पडलं की पॅड ते पितात आणि मग ब्रेक लागत नाही. गडाच्या उतारावर ते आम्हाला फार महागात पडलं असतं.

चकती निवू दिली. मग चाक सैल करून नीट खाचेत बसवलं, घट्ट केलं. ब्रेकचा चिमटा धरणारे दोन बोल्ट ढिले केले, हँडलवरचा ब्रेक दाबून धरला आणि बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. आमचं भागलं नाही, घासणं कमी झालं पण गेलं नाही.

मामा म्हणाले, "सरक." ते रस्त्याकडेच्या मातीत आडवे झाले, फट दिसावी म्हणून पिशवीतला पोह्यांचा कागद मला चकतीमागे धरायला लावला आणि एक डोळा मिटून मधल्या फटीत पाहू लागले.

"उजवीकडं सूतभर. नाही, जास्त झालं. हां, आता आवळ."

चाक फिरवलं. ते कितीतरी वेळ फिरतच राहिलं. दोघंही बघत बसलो.

निघण्याआधी सपाटीवर ब्रेक दोन-चारदा दाबून पाहिला. रामटेकात संत्री खाल्ली आणि सगळ्यात हलक्या गिअरवर गड चढायला घेतला. मामा तीनदा थांबले, एकदा उतरून चालले, वर पोचले. दर्शनाच्या रांगेत घाम पुसत हसत होते. खाऊच्या पिशव्या मात्र आत ठेवा, माकडं सोडत नाहीत. उतरताना ब्रेकनं साथ दिली आणि परतीला टेम्पो केला.

घरी चहा घेताना मी म्हटलं, "मामा, चूक माही होती. तुमचा गुडघा नाही, चाक अडलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मागाचंबी असंच झालं असन गा. जड चालाले लागला तं मले वाटलं, माहे हातच थकले. मोडीत देऊन टाकला. असं उचलून पाहाले कोनी नव्हतं."

 त्यांच्या ऑपरेशनचे कागद मी ठेवून घेतलेत. तारखेच्या आधी तो गुडघा आणखी एका डॉक्टरांना दाखवणार आहे.